कूलर, कार्बन आणि अकोल्याची आत्या

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अमरावतीत कोणी कोणाच्या घरी जात नाही. गेलाच, तर तो वसुलीवाला असतो नाही तर पुण्याचा. माझा भाचा पुण्याचा आहे. तो फाटकातून आत आला तेव्हा मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून खिडकीबाहेर उभा होतो आणि पाइप धरून कूलरची टाकी भरत होतो.

पाठीवरची बॅगही न उतरवता त्यानं विचारलं, "मामा, तुमचा कार्बन फूटप्रिंट किती आहे?"

मी खाली पाहिलं. फरशीवर माझ्या ओल्या पावलांचे दोन ठसे होते. आमच्या डोळ्यांदेखत ते कडेकडेनं आटत गेले आणि दिसेनासे झाले.

"आताच होता," मी म्हणालो. "वाळला."

मग त्यानं घरात येऊन, दोन तांबे पाणी पिऊन, मला समजावून सांगितलं. आपण वीज जाळतो, गाडी फिरवतो, वरण शिजवतो, त्यातून हवेत कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याचा हिशेब ठेवणारं एक अ‍ॅप आहे. जो कमी सोडेल त्याला गुण, गुणांवर बिल्ला, बिल्ल्यांवर कूपन. त्याच्या कंपनीत प्रत्येकानं आपले नातेवाईक या अ‍ॅपवर आणायचे असं ठरलं होतं. थोडक्यात, साखळीच होती. फक्त आमच्या वेळी त्यात साबण विकायचे, आता पृथ्वी होती.

माझा फोन त्याच्या हातात गेला आणि प्रश्न सुरू झाले.

घर थंड ठेवण्यासाठी काय वापरता? पर्याय तीन: एसी, पंखा, इतर. एसीच्या पोटात पुन्हा एक टन, दीड टन, दोन टन, इन्व्हर्टर, बिगरइन्व्हर्टर अशी भावंडं. कूलर कुठेच नाही! ज्या माणसानं हे अ‍ॅप बनवलं त्यानं उन्हाळा समुद्रकिनाऱ्यावर काढला असणार. तिथे कूलर चालतच नाही. ओल्या हवेत आणखी ओल सोडली की माणूस इडलीसारखा वाफतो. आमच्याकडची हवा अशी कोरडी, की ओल्या ताटीतून आत ओढली की पाणी आपसूक उडतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एवढ्या एका शास्त्रीय तत्त्वावर वऱ्हाडातल्या लोकांचे संसार टिकून आहेत. पत्र्याचा चौकोनी डबा, तीन बाजूंना वुड वूलच्या नाही तर वाळ्याच्या ताट्या, मधे विमानाच्या ताकदीचा पंखा, तळाशी पाण्यात बुडालेली मुठीएवढी मोटर. सगळं मिळून दोनेकशे वॅट. दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर जोरात असला की दीड हजाराच्या घरात जातो. हा फरक मी भाच्याला अभिमानानं सांगितला. त्यानं 'इतर' दाबलं.

स्वयंपाकाचं इंधन? गॅस. पण रोडगे करतो तेव्हा गोवऱ्या. इतर.

मांसाहार आठवड्यातून किती वेळा? "श्रावण धरून की सोडून?" मी विचारलं. तो म्हणाला, सरासरी सांगा. आता मटण आमच्याकडे सरासरीनं होत नाही, जावई आल्यावर होतं. इतर.

वर्षातून विमानप्रवास किती? इथे मात्र माझा आवाज चढला. बेलोऱ्याचं विमानतळ आज होईल, उद्या होईल, असं ऐकत आमची एक पिढी निवृत्त झाली. शेवटी १६ एप्रिल २०२५ ला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान तिथे उतरलं, आणि आता हे अ‍ॅप म्हणतं की विमानात बसू नका. आम्ही इतकी वर्षं बसलो नाही त्याचे गुण कुठे गेले? अकोल्याचं तर आणखी चांगलं. तिथे शिवणीची धावपट्टी कधीची आहे, ती लांबवायची चर्चा त्याहून लांब आहे, आणि नियमित प्रवासी विमान अजून नाही. कार्बनच्या हिशेबानं अकोला कधीच मोक्षाला पोचलेलं शहर.

निकाल लागला. मी 'बीज' या पायरीवर होतो. वर रोपटं, मग झाड, मग वटवृक्ष. वर चढायचं कसं, तर एसी २४ अंशांवर ठेवा, ५० गुण. (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून नवा एसी चालू केला की तो २४ वरच उघडतो. म्हणजे एसी विकत घेणं एवढंच कर्तव्य उरतं.) कार आठवड्यातून एक दिवस बंद ठेवा, ४० गुण. कपडे वाळवण्याचं यंत्र वापरू नका, ३० गुण. आमच्या गच्चीवर टाकलेली साडी दुसरं टोक दोरीवर जाईपर्यंत पहिल्या टोकाला वाळलेली असते, पण त्याला गुण नाहीत; कारण आम्ही काही सोडलंच नाही. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात सत्कार दारू सोडणाऱ्याचा होतो. जन्मभर न प्यालेला माणूस खुर्च्या लावायला असतो.

सरकारनंही आपल्याकडे हे करून पाहिलंय, आणि मी त्यातही आहे. राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० ला निघालं, पंचमहाभूतांवर उभारलेलं: भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश. त्यात संकेतस्थळावर जाऊन ई-शपथ घेता येते. आमच्या ऑफिसात एका दुपारी सगळ्यांनी ती एकदम घेतली. साहेबांच्या खोलीतला एसी अठरावर होता, कारण शपथ घ्यायला पंचवीस जण एका खोलीत जमले होते. प्रमाणपत्र लगेच फोनवर आलं. मी ते स्टेटसला ठेवलं, एका चुलत्यानं खाली लिहिलं, "अभिनंदन! पगार किती वाढला?"

केंद्राचं 'मिशन लाइफ' त्याहून मोठं. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली पंतप्रधानांनी कल्पना मांडली आणि २० ऑक्टोबर २०२२ ला केवडियात, संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना शेजारी बसवून, तिची सुरुवात झाली. त्यात घरोघरी करायच्या ७५ गोष्टींची यादी आहे. ती मी पूर्ण वाचली. वाचणाऱ्या मोजक्या माणसांत मी असेन असा माझा अंदाज आहे. तीत एक कलम असं: लाल सिग्नलला आणि रेल्वे फाटकावर गाडीचं इंजिन बंद करा. वऱ्हाडात फाटक पडलं की इंजिन आपोआप बंद होतं. त्यानंतर माणूस स्कूटर स्टँडवर लावतो, फाटकाखालून डोकं काढून गाडी कुठवर आली ते बघतो, पुडी सोडतो आणि बाजूच्याला विचारतो, "मालगाडी हाये का बे?" हे सगळं वसुंधरेसाठी नसतं. पेट्रोल शंभराच्या वर आहे, एवढंच.

एक तक्रार इथेच नोंदवून ठेवतो. प्रत्येकानं आपापला फूटप्रिंट मोजावा ही कल्पना जगभर लोकप्रिय कोणी केली, तर ब्रिटिश पेट्रोलियमनं. २००४ च्या सुमारास त्या कंपनीनं लोकांना मोजणीयंत्र काढून दिलं आणि जाहिराती केल्या. घाणा चालवणाऱ्या तेल्यानं गिऱ्हाइकाला डबा भरून द्यावा आणि वर म्हणावं, "भाऊ, तळण जरा कमी खात जा." पण म्हणून आपण तळण खात सुटावं असंही नाही. माझं म्हणणं इतकंच, की तेल्याच्या घरी काय तळून राहिलं तेही कोणीतरी विचारावं.

असो. भाचा पुण्याला परत गेला आणि मी 'बीज' राहिलो.

गुण कमवायचे म्हणून सगळ्यात सोपी गोष्ट आधी केली. महावितरणची 'गो ग्रीन' योजना आहे: कागदी बिल नको, ई-मेलवर द्या, असं कळवलं की महिन्याला १० रुपयांच्या हिशेबानं सूट. मी तत्काळ कळवलं. बायकोला पुढच्या महिन्यात समजलं. "पत्त्याचा पुरावा म्हणून काय देशील आता? फोन?" दोनच दिवसांत गॅसच्या कामासाठी बिलाची प्रत लागली. राजकमल चौकाजवळच्या दुकानात जाऊन ई-मेल उघडलं, रंगीत प्रत काढली, १० रुपये दिले. जायला-यायला पेट्रोल वेगळं, आणि चौकात गेलोच म्हणून गिला वडा वेगळा. अ‍ॅपनं मात्र २० गुण दिले आणि लिहिलं, 'आज तुम्ही एक झाड वाचवलंत!'

पिशवीचंही तसंच झालं. कापडी पिशवीची नोंद केली की ५ गुण. वऱ्हाड कापसाचा मुलूख, त्यात बारशापासून तेरवीपर्यंत प्रत्येक कार्यक्रमात आता कापडी पिशवी वाटतात. आमच्या दारामागच्या खिळ्यावर एकोणचाळीस पिशव्या आहेत, मी मोजल्या. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या एका अभ्यासात असा हिशेब होता, की सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली तर ती साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. एकोणचाळीस गुणिले एकशे एकतीस. रोज एक पिशवी घेऊन बाजारात गेलो तरी चौदा वर्षं नवी पिशवी घेता येणार नाही. आणि या रविवारी पुन्हा एक वास्तुशांत आहे.

आमच्या गल्लीत या बाबतीत खरं काम केलेला एकच माणूस आहे: समोरचे भाऊसाहेब. 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान, म्हणून त्यांनी गच्चीवर पॅनल लावले. त्याबरोबर एक अ‍ॅप आलं. त्यात आत्ता या क्षणी किती वीज बनून राहिली ते दिसतं. तेव्हापासून भाऊसाहेबांनी क्रिकेट बघणं सोडलं. सकाळी साडेसहाला ते गच्चीवर चढतात, फडक्यानं पॅनल पुसतात, खाली येऊन फाटकाशी उभे राहतात. "पॉइंट चार झाली!" दुपारी बारा वाजता फोन येतो, "दोन पॉइंट तीन चालू हाये!" भाजीवालीला दाखवतात, पोस्टमनला दाखवतात. एकदा रस्ता विचारायला थांबलेल्या माणसाला त्यांनी आधी आकडे दाखवले, मग रस्ता. जूनमध्ये ढग आले तेव्हा सगळी अमरावती आनंदात होती आणि भाऊसाहेब ओसरीवर मांडीत फोन घेऊन सुतक्यासारखे बसले होते. "आज दिवसभरात चारच युनिट." मी म्हटलं, पाऊस तर येऊन राहिला! ते म्हणाले, "तुमचं काय जाते?"

भाऊसाहेबांच्या घरातले दिवे आता सगळ्यांच्या आधी बंद होतात. कोणी सांगितलं नाही. पूर्वी खर्च झालेले युनिट महिन्यातून एकदा बिलात दिसायचे, आता कमावलेले युनिट रोज दिसतात, आणि कमावलेलं उडवायला वऱ्हाडी माणसाचा हात थरथरतो.

भाच्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, यावर संशोधन झालंय." अमेरिकेत २००७ साली निघालेली ओपॉवर नावाची कंपनी लोकांना बिलाबरोबर एक पत्र पाठवायची: तुम्ही एवढी वीज जाळली, तुमच्यासारख्याच शेजाऱ्यांनी एवढी. बस्स. उपदेश नाही, अस्वलाचं चित्र नाही. तेवढ्यानं वापर सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावचा एक प्रयोग छापून आला. तिथे दारांवर अशीच चिठ्ठी अडकवली. जास्त जाळणारे खाली आले, पण कमी जाळणारे वर गेले! आपण उगीच काटकसर करून राहिलो असं त्यांना वाटलं. त्यांच्यातल्या ज्यांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढला होता, ते मात्र जागेवर राहिले.

मला यात नवल वाटलं नाही. आमच्या आजीला शेजारणीच्या घरी किती तेल लागतं हे पत्राशिवाय माहीत होतं. हसरा चेहरा मात्र तिनं कधी काढला नाही.

त्यातून भाच्याच्या डोक्यात स्पर्धा आली. चीनमध्ये अलीपे या पैशांच्या अ‍ॅपात २०१६ पासून 'अँट फॉरेस्ट' नावाचा खेळ आहे. पायी चाला, बसनं जा, की गुणांची हिरवी ऊर्जा जमते; पुरेशी जमली की वाळवंटात खरं झाड लावतात. कोट्यवधी लोक तो खेळतात. २०१९ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. त्यातली गंमत अशी, की मित्राची ऊर्जा त्यानं उचलायच्या आत आपण चोरू शकतो. म्हणून लोक पहाटे उठून एकमेकांची ऊर्जा पळवतात. भाच्याच्या अ‍ॅपातही तसली सोय निघाली. त्यानं घराण्याच्या दोन फळ्या केल्या: अमरावती आणि अकोला.

हे त्यानं करायला नको होतं.

बाहेरच्यांना वाटतं, ही दोन गावं शेजारी आहेत, शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर अंतर, एकच भाषा, एकच उन्हाळा. पण रोज सकाळी पेपरात तापमानाचा तक्ता बघताना वऱ्हाडातला माणूस काय बघतो ते पाहा. आपलं गाव वर आहे की नाही! अकोल्याच्या माणसाला अकोल्याचा पारा हा स्वतःच्या पोराचे मार्क वाटतो. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५.८ वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावलं, शिकवण्या सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या म्हणून आदेश काढला. सगळ्या देशात बातमी गेली. त्या दिवशी अकोल्याच्या नातेवाइकांचे आम्हाला जेवढे फोन आले तेवढे दिवाळीला येत नाहीत. "आमच्या इथं उन्हासाठी एकशेचव्वेचाळीस लागलं. तुमच्या इथं?" आमच्या इथं काही लागलं नव्हतं. आम्ही गप्प राहिलो.

आमचा जोर हवेवर. देशातल्या शहरांचं स्वच्छ वायू सर्वेक्षण होतं, त्यात तीन ते दहा लाख वस्तीच्या गटात अमरावती २०२३ ला पहिली, २०२४ ला दुसरी आणि २०२५ ला पुन्हा पहिली आली. शेवटच्या खेपेला २०० पैकी २०० गुण. मी हे कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. अकोल्याहून आत्याचा ध्वनिसंदेश आला: "तुमची हवा चांगली असन, पन तिथं जरा वेळ थांबते तरी का? सारी अकोल्याकडं येऊन तापते."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय शहात्तर, शाळेतून निवृत्त, जठारपेठेत मुलाकडे राहते. स्पर्धेत ती अकोल्याची कर्णधार झाली. तिनं सुरुवातीला अ‍ॅपला जी उत्तरं दिली ती भाच्यानं मला वाचून दाखवली. 'खोलीतून बाहेर जाताना दिवा बंद करता का?' यापुढे तिनं लिहिलं होतं, 'मग काय चालू ठेवतात?' माझ्या मनात आलं, ही खरी जुनी माणसं, यांचं आयुष्यच मुळी कार्बनमुक्त! असा भाविक विचार मी दोन दिवस केला. मग तिच्या घरी जायचा योग आला.

जाताना अ‍ॅपनं विचारलं, कसे जाणार? आणि सुचवलं, सायकल. भर उन्हात, अमरावती ते अकोला. मी एसटी निवडली. हा रस्ता साधा नाही. जून २०२२ मध्ये इथेच १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनेस विक्रम झाला. त्याआधीचा मान कतारमधल्या दोह्याचा होता. इतक्या वेगानं झालेल्या रस्त्यावर चढायच्या आधी मात्र आमच्या एसटीपुढे लग्नाची वरात आली. पाऊण तास बस नवरदेवाच्या घोड्यामागून चालली. फोन किणकिणला: 'तुम्ही ३ किलोमीटर पायी चाललात! ६० गुण!' मी बायकोला दाखवलं. ती खिडकीजवळ बसली होती, अर्ध्या तिकिटावर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून फुकट. अ‍ॅप नाही, बिल्ला नाही, वटवृक्ष नाही, आणि गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारची बाई सांगत होती, आधी आम्ही मोटरसायकलवर तिघं जायचो, आता मी एसटीनं जाते, ते मागून येतात.

मुर्तिजापूरला गाडी थांबली. इथूनच शकुंतला रेल्वे निघायची, एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. १९९४ पर्यंत ती कोळशाच्या वाफेवर चालत होती. अ‍ॅपच्या दृष्टीनं महापापी. पण कापसाच्या गाठींपासून नव्या नवरीपर्यंत सगळ्यांना एकाच धुरात नेत होती, तेव्हा माणशी किती पडत असेल कोण जाणे. आता रूळ आहेत, गाडी नाही. शून्य कार्बन.

आत्याच्या घरी पोचलो तर कूलर खिडकीत गरजत होता. तो सकाळी नऊला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला थांबतो. टाकीवरून पाणी वाहून अंगणात गेलं होतं, तिथे कढीपत्ता उभा राहिला होता. मागच्या अंगणात पाचोळा पेटवलेला. आणि आत्या म्हणे त्या दिवशी १४ किलोमीटर सायकल चालवून आली होती! अ‍ॅपवर तसं दिसत होतं. तेवढ्यात तिचा नातू घामाघूम होऊन आत आला आणि त्यानं खिशातून तिचा फोन काढून दिला.

"आत्या, हे काय?"

"काहून? सायकलच त हाये. मी म्हटलं का, की मीच चालवली?"

पहाटे पाचला उठून माझी हिरवी ऊर्जा कोण चोरतं तेही तिथेच कळलं. तिला पाचला उठायची सवय आहे. देवपूजेआधी ती माझे गुण उचलते, मग फुलं. दोन्ही शेजाऱ्याकडूनच.

मी परतलो तो हरलेला. आणि त्याच आठवड्यात माझा पाय घसरला. रात्री साडेअकराला पारा छत्तीसच्या खाली यायला तयार नव्हता, कूलरची मोटर जळाली होती, आणि मोठ्या मुलानं नोकरीच्या पहिल्या बोनसमधून दीड टनी एसी पाठवून दिला. मी विरोध केला. तो तासभर टिकला. बेडरूमच्या भिंतीवर एसी बसला. मी अ‍ॅपवर प्रामाणिकपणे '२४ अंशांवर ठेवला' अशी नोंद केली, ५० गुण मिळाले, आणि जन्मात पहिल्यांदा मी 'रोपटं' झालो. वीज तयार होते अकोल्याजवळच्या पारसला कोळसा जाळून, देशाच्या सरासरीनं धरलं तरी दर युनिटमागे हवेत साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो हे धरूनही रात्रीच्या सहा तासांत चार-साडेचार किलो. हे गणित मी अ‍ॅपला सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. ग्रुपवरही कोणाला सांगितलं नाही. भाच्याला तर मुळीच नाही. बाहेरच्या खोलीतला कूलर नवी मोटर घालून दाखवायला चालू ठेवला.

एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली नव्हती. आमचं मीटर अजून आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, नावावर आहे. ते गेल्यानंतर काही वर्षं आत्या आमच्याकडेच राहत होती आणि बिलाचं सगळं तीच बघायची. मीटरला जोडलेला मोबाइल नंबर तेव्हाचा, म्हणजे तिचा. पुढे ई-मेल मी माझा टाकला, नंबर तोच राहिला. मधल्या काळात आमच्याकडे नवं टीओडी मीटर बसलं. त्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज थोडी स्वस्त पडते, आणि कोणत्या तासाला किती युनिट गेले ते मोबाइलवर दिसतं. कोणाच्या मोबाइलवर, ते मी सांगायला नको.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

"काय रे बापू, रातच्याला पिठाची गिरनी टाकली का घरात?"

"नाही आत्या, काहून?"

"मंग अकरा ते पाच हे काय उंटाच्या पाठीवानी दिसून रायलं? आबाजी असताना सारा दिवस मिळून एवढी लाइट जळे नाही."

मी आधी फ्रीजवर ढकललं. मग बायकोच्या मिक्सरवर. रात्री दोनला मिक्सर कोण लावते, असा प्रश्न आला. मग मी सांगून टाकलं. एसीचं, मुलाचं, बोनसचं, जळालेल्या मोटरचं. फोनवर बराच वेळ शांतता होती. मागे अकोल्याचा कूलर ऐकू येत होता. आता ग्रुपवर टाकते की काय, माझं रोपटं उपटते की काय, या विचारानं मला चोवीस अंशांत घाम आला.

"किती टनाचा हाये?" तिनं विचारलं.

"दीड."

"पंख्याखाली झोपता, का एसीत पंखा बंद करता?"

"दोन्ही चालू."

"बरं. उद्या सकाळच्या एसटीनं येऊन रायली मी. आठ दिवसांसाठी. मले तिकीट लागत नाही. सून आन नातूबी येईन म्हन्ते. खाटा टाकून ठेवजो." फोन ठेवता ठेवता ती थांबली. "आन त्या पुन्याच्या पोट्ट्याले विचारून ठेव बरं, एका खोलीत पाच जनं झोपले त तो कार्बन पाचात वाटते, का साराच घरमालकाच्या नावावर मांडते?"